जुना लॅपटॉप पुन्हा पुन्हा तापून बंद पडतो: पेस्ट बदलण्यापूर्वी काय तपासावे

तक्रार बहुतेक वेळा ठरावीकच असते. लॅपटॉप सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास नीट चालतो, मग पंखा घरघरू लागतो, कामे अडखळू लागतात आणि पडदा एकाएकी काळा होतो. दुकानात नेला की ‘सर्व्हिसिंग’ होते, म्हणजे आतील धूळ उडवली जाते आणि प्रोसेसरची उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्यावर लावलेली पेस्ट बदलली जाते. त्यानंतर काही महिने बरे जातात आणि पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. अशा परतणाऱ्या बिघाडात पेस्ट हेच मूळ कारण क्वचित असते. बहुधा हवेची वाट, हीटसिंकचा (प्रोसेसरवर टेकून त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा) दाब किंवा वीजपुरवठा यांपैकी कोठेतरी दोष शिल्लक असतो आणि ताजी पेस्ट तो काही काळ झाकून ठेवते.

उदाहरणासाठी मी लेनोवोचा थिंकपॅड टी४३० हा लॅपटॉप घेतो. हे मॉडेल २०१२ मध्ये बाजारात आले. कार्यालयांतून निवृत्त झालेली त्याची हजारो यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून नूतनीकृत म्हणून विकली गेली, आणि विद्यार्थ्यांच्या व छोट्या व्यावसायिकांच्या घरांत ती अजून चालू आहेत. त्यातील नेहमीचा प्रोसेसर म्हणजे कोअर आय५-३३२०एम. त्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे गरज पडल्यावर तो स्वतःहून घेतो तो वाढीव वेग, ३.३ गिगाहर्ट्झ, उष्णतेचे मान ३५ वॅट आणि तापमानाची कमाल मर्यादा १०५ अंश सेल्सियस आहे. उघडायला सोपे, सुटे भाग मिळणारे आणि दुरुस्तीची अधिकृत पुस्तिका कोणालाही उतरवून घेता येणारे हे यंत्र घरगुती दुरुस्तीसाठी उत्तम आहे. इतर कंपन्यांच्या त्याच काळातील लॅपटॉपांनाही येथील बहुतेक मजकूर लागू पडतो, फक्त स्क्रूंच्या जागा बदलतात.

आधी ठरवावे: उष्णता की वीज

तापल्यामुळे मंदावणे आणि तापल्यामुळे बंद पडणे या एकाच रस्त्यावरच्या दोन पायऱ्या आहेत. मर्यादेजवळ पोहोचलेला प्रोसेसर प्रथम स्वतःचा वेग उतरवतो आणि तरीही तापमान चढतच राहिले तरच वीज तोडली जाते. म्हणून उष्णतेमुळे बंद पडणारा लॅपटॉप बहुधा त्याआधी काही काळ रेंगाळतो, टंकलेली अक्षरे उशिरा उमटतात, व्हिडिओ तुटक दिसतो. याउलट जो लॅपटॉप अगदी चपळ चालत असताना, हाताला फारसा गरमही लागत नसताना, दिवा विझावा तसा बंद होतो, त्याच्या बाबतीत पेस्टचा विचार मागे ठेवून बॅटरी, चार्जर आणि चार्जरचे सॉकेट यांकडे वळावे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे यंत्रातील घडामोडींच्या नोंदवहीत, दोन्ही प्रसंगी ‘कर्नल-पॉवर ४१’ हीच नोंद सापडते. यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही, आणि तरीही ती दाखवून ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान करणारे लोक आहेत. ‘प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने मर्यादित केला आहे’ अशा आशयाची ३७ क्रमांकाची नोंद मात्र उपयोगी असते, कारण यंत्र आधी मंदावले होते याचा तो पुरावा असतो.

खरा उलगडा तापमानाच्या नोंदीतून होतो. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम सर्व सेन्सरांचे आकडे दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. लिनक्सवर एलएम-सेन्सर्सच्या मदतीने तेच साधता येते. नोंद चालू ठेवून नेहमीचे काम करावे आणि यंत्र बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करून फाइलमधील शेवटच्या ओळी पाहाव्यात. शेवटचे आकडे शंभराच्या आसपास असतील तर दोष उष्णतेचा आहे. शेवटचा आकडा साठ-पासष्ट अंशांचा असेल तर हीटसिंक उघडून काहीही हाती लागणार नाही.

विजेच्या बाजूची तपासणी सोपी आहे, कारण टी४३० ची बॅटरी बाहेरून निघते. प्रथम बॅटरी काढून केवळ चार्जरवर यंत्र चालवावे, नंतर चार्जर काढून केवळ बॅटरीवर चालवावे, आणि दोन्ही वेळा प्रोसेसरवर सारखाच भार द्यावा. केवळ बॅटरीवर बंद पडत असेल तर तिच्यातील सेल थकलेले आहेत. टर्बो लागताच प्रवाहाची मागणी वाढते, थकलेल्या सेलचा व्होल्टेज खाली बसतो आणि चाळीस टक्के चार्ज दिसत असतानाही वीज जाते. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आजचा आकडा मूळ आकड्याच्या निम्म्याखाली आलेला असेल तर त्या बॅटरीकडून टर्बोची अपेक्षा धरू नये. केवळ चार्जरवर बंद पडत असेल तर चार्जरची पिन सॉकेटमध्ये हलकेच हलवून पाहावी. या पिढीच्या गोल पिनेच्या मध्यभागी आणखी एक बारीक पिन असते आणि चार्जर किती वॅटचा आहे हे यंत्राला तिच्यावरून कळते. ती वाकलेली किंवा काळवंडलेली असेल, किंवा चार्जर स्वस्तातला पर्यायी असेल, तर यंत्र अंगावर कमी भार घेते किंवा पुरवठाच नाकारते. ही सारी तपासणी एका संध्याकाळी उरकते आणि तिच्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही, म्हणून ती टाळू नये.

झाकण उघडण्यापूर्वी: तळहात आणि आकडे

दोष उष्णतेचाच आहे असे ठरल्यावरही लगेच स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याची घाई नको. आत नेमके काय बिघडले आहे ते बाहेरून बऱ्याच अंशी ओळखता येते.

यंत्र पूर्ण थंड असताना तापमानाची खिडकी उघडी ठेवून प्रोसेसरवर एकदम पूर्ण भार टाकावा. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममधील ‘स्ट्रेस’ बटण त्यासाठी पुरेसे आहे. आता आकडा कसा चढतो ते पाहावे. भार टाकताच तीन-चार सेकंदांत तो पंचेचाळीसवरून नव्वदच्या पुढे उडी मारत असेल तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे पेस्ट किंवा दाब यांत दोष आहे. आकडा आधी सत्तरीपर्यंत जाऊन मग आठ-दहा मिनिटे हळूहळू, न थांबता चढत राहत असेल तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचते आहे, पण तेथून बाहेर पडत नाही, म्हणजे दोष हवेच्या वाटेत आहे. पेस्ट बदलावी की जाळी साफ करावी हा प्रश्न बहुतेक वेळा या एका निरीक्षणाने सुटतो.

दुसरे निरीक्षण तळहाताचे. टी४३० मध्ये गरम हवा डाव्या बाजूच्या जाळीतून बाहेर पडते. पंखा पूर्ण वेगात असताना आणि आकडा नव्वदीच्या पुढे असताना तेथे तळहात धरावा. झोत क्षीण असेल तर जाळी तुंबलेली आहे किंवा पंखा थकलेला आहे. झोत जोरदार, पण जेमतेम कोमट असेल तर हवा फिरते आहे, उष्णताच तिच्यापर्यंत येत नाही, म्हणून पुन्हा पेस्ट आणि दाब यांकडे पाहावे. झोत जोरदारही आहे आणि चांगला गरमही आहे, तरी आकडा खाली येत नाही, असे दिसले तर शीतयंत्रणा आपले काम चोख करत आहे. तिच्यावर टाकलेला भारच जास्त आहे आणि अशा यंत्राची पेस्ट कितीही वेळा बदलली तरी फरक पडणार नाही.

हवेची वाट

नात्यातल्या एका विद्यार्थिनीचा टी४३० माझ्याकडे आला तेव्हा तो नुकताच दुकानातून ‘सर्व्हिसिंग’ होऊन परतला होता आणि पेस्ट खरोखरच ताजी होती. कीबोर्ड आणि वरची चौकट काढून पंखा बाहेर घेतल्यावर कारण दिसले. पंखा आणि फिन्स, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्यांची जाळी, यांच्या सांध्यावर मूळची जी काळी चिकटपट्टी असते ती काढली गेली होती आणि परत लावलीच नव्हती. पंख्याने फेकलेली हवा फिन्सच्या अरुंद फटींतून जाण्याऐवजी त्या उघड्या सांध्यातून मागे फिरत होती. तीच गरम हवा पंखा पुन्हा आत ओढत होता. फिन्सच्या आतल्या तोंडावर करड्या धुळीचा दाट थर बसला होता. चिमट्याने एक कोपरा धरून ओढल्यावर तो गादीतल्या पिंजलेल्या कापसासारखा अखंड निघून आला आणि त्याच्या मागील बाजूवर फिन्सच्या समांतर रेषा स्पष्ट उमटलेल्या होत्या.

हा थर नेमका कोठे बसतो ते लक्षात घेतले की बाहेरून हवा मारण्याचा उपाय का टिकत नाही हे कळते. पंखा खालून हवा ओढून आडवी फेकतो, त्यामुळे धूळ फिन्सच्या आतल्या तोंडाशी अडकते, बाहेरून दिसणाऱ्या तोंडाशी नाही. जाळीतून ब्लोअर मारला की थर सुटून पंख्याच्या डबीत पडतो, झोत क्षणभर मोकळा होतो, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते आणि पंख्याने पुन्हा फेकलेला तोच थर काही आठवड्यांत जुन्या जागी जाऊन बसतो. शिवाय ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेपलीकडच्या वेगाने गरगरतो आणि बेअरिंगला इजा होते. हवा मारायचीच असेल तर पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने अडवून धरावे.

म्हणून जाळी साफ करताना पंख्याची डबी उघडून थर हाताने काढावा, फिन्स मऊ ब्रशने झाडाव्यात आणि शेवटी सांधा नव्या चिकटपट्टीने बंद करावा. उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप यासाठी चांगली. पुण्यात तपकीर गल्लीसारख्या बाजारात असा किरकोळ माल सहज मिळतो. साधी पारदर्शक सेलोटेप उष्णतेने सुटते आणि तिचा चिकट भाग पंख्यात जातो, ती वापरू नये.

आपल्याकडच्या घरांत धूळ केवळ धूळ नसते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फोडणीचा तेलकट धूर आणि देवघराजवळ उदबत्तीचा धूर यांनी ती चिकट होते, आणि मग ब्रशने न निघणारा काळपट लेप फिन्सवर बसतो. अशा वेळी हीटसिंक सुटा करून, पंखा वेगळा काढून, फिन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवाव्या लागतात. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरसमोर बसून काम करण्याची सोय सुखाची असली तरी कूलरच्या झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि त्यांतील क्षारही येतात. लॅपटॉप त्या झोताच्या थेट वाटेत ठेवू नये.

पेस्ट आणि दाब

जेथे आकडा क्षणात उडी मारतो, तेथे पेस्टचा प्रश्न खरा असतो, आणि तोही पुन्हा पुन्हा का उद्भवतो हे पाहण्यासारखे आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते. सिलिकॉनचा उघडा, गुळगुळीत तुकडा आणि त्यावर थेट तांब्याचा ठोकळा अशी रचना असते. दोन गाभ्यांच्या (कोअरच्या) या प्रोसेसरचा तो तुकडा सुमारे ११८ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान असतो. तापणे आणि थंड होणे यांबरोबर दोन्ही पृष्ठभाग प्रसरण-आकुंचन पावतात आणि मधली पेस्ट प्रत्येक वेळी किंचित कडेला ढकलली जाते. पातळ, सहज पसरणारी पेस्ट डेस्कटॉपवर उत्तम काम देते, पण अशा उघड्या तुकड्यावर ती काही महिन्यांत मधून निघून कडेला जमा होते. म्हणूनच जाहिरातीत गाजलेली महाग पेस्ट लावूनही लॅपटॉप पुन्हा तापतो. अशा ठिकाणी घट्ट पोताची पेस्ट निवडावी. हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ पट्टी त्याहून बरी. ती साधारण ४५ अंशांच्या पुढे मऊ होऊन पृष्ठभागाला चिकटून बसते, थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते आणि मधून वाहून जात नाही. मात्र तिच्या नकला पुष्कळ विकल्या जातात, तेव्हा विक्रेता पारखूनच घ्यावी. द्रवरूप धातूच्या मोहात पडू नये, कारण त्यातील गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो आणि तो विद्युतवाहक असल्यामुळे एक थेंब ओघळला तरी बोर्ड गमावण्याची वेळ येते.

जुनी पेस्ट काढण्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. औषधाच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी आणि इतर पदार्थही असतात. चाकू, पाते किंवा घासणी सिलिकॉनजवळ नेऊ नये. काही यंत्रांत पेस्टच्या जागी जाडसर निळा किंवा करडा रबरी पॅड लावलेला आढळतो. पॅड मेमरी चिपसारख्या भागांसाठी असतो, जेथे अंतर जास्त आणि उष्णता कमी असते. प्रोसेसरवर तो लावला की उष्णता वाहण्याऐवजी अडते. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रांत याच्या उलट प्रकारही घडतो. मेमरीवरचा पॅड मूळपेक्षा जाड लावला गेला की हीटसिंक त्या बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसरवर पुरेसा दाबच पडत नाही. पॅड बदलताना जुन्याची जाडी मोजावी, अंदाजाने घेऊ नये.

हीटसिंकचे स्क्रू कसे आवळले जातात यावर दाब अवलंबून असतो. बहुतेक हीटसिंकांवर स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्या क्रमाने, एकेका स्क्रूला एकदम पूर्ण न पिळता, प्रत्येकाला दोन-दोन फेरे देत जावे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की ठोकळा तिरका बसतो आणि पेस्ट एका कडेला जमते. खात्री करण्याची रीत अशी: पेस्ट लावून हीटसिंक बसवावा, पूर्ण आवळावा आणि लगेच पुन्हा काढून ठसा पाहावा. सिलिकॉनच्या पूर्ण पृष्ठभागावर पातळ, सलग थर दिसला तर बसवणी योग्य आहे. एखादा कोपरा कोरडा राहिला असेल किंवा तेथील थर जाड असेल तर ठोकळा वाकलेला आहे किंवा खाली काहीतरी अडकले आहे. हीटसिंक नेहमी ठोकळ्याला धरून उचलावा. तांब्याच्या चपट्या नळीला धरून उचलल्यास ती वाकते आणि मग पेस्ट कितीही वेळा लावली तरी तोच कोपरा कोरडा राहतो. ठसा पाहिल्यानंतर जुनी पेस्ट पुसून नवी लावावी. तीच पुन्हा दाबली तर हवेचे बुडबुडे अडकतात.

ती नळीही क्वचित निकामी होते. तिच्या आत अत्यल्प द्रव असतो, जो गरम टोकाला वाफ होऊन थंड टोकाला जातो आणि परत येतो. नळीला बारीकशी चीर गेली की हा फेरा थांबतो. यंत्र उघडे ठेवून काही क्षण चालवले असता प्रोसेसरजवळचे टोक बोट ठेववणार नाही इतके गरम आणि फिन्सजवळचे टोक थंड लागले, तर हीटसिंकच बदलावा लागतो. दुसरा इलाज नाही.

पंखा

पंखा फिरतच नसेल तर थिंकपॅड सुरू होतानाच पंख्यातील दोषाचा संदेश दाखवून बंद होतो, त्यामुळे त्याचे निदान सोपे. अवघड असतो तो पंखा जो फिरतो, पण कण्हत फिरतो. त्याच्या मध्यावरील चिकटी उचलून शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडला की तो काही काळ शांत होतो. पण बेअरिंग झिजलेले असेल तर तेल हा तात्पुरता दिलासा आहे, आणि नवा पंखा येईपर्यंतच त्याच्यावर विसंबावे. खोबरेल तेल सोडलेले पंखेही पाहायला मिळतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, त्यामुळे थंडीतल्या सकाळी तो पंखा हलायलाच तयार नसतो. नवा भाग मागवताना मॉडेलच्या नावावर न जाता जुन्या भागावर छापलेला एफआरयू क्रमांक (सुट्या भागाचा कंपनीचा क्रमांक) विक्रेत्याला सांगावा, कारण एकाच टी४३० साठी अंगभूत ग्राफिक्सचा आणि स्वतंत्र ग्राफिक्सचा असे वेगवेगळे हीटसिंक-पंखे आहेत.

सगळे ठीक असूनही तापत असेल तर

गरम आणि जोरदार झोत असूनही आकडा खाली येत नाही, तेव्हा आधी भाराकडे पाहावे. टी४३० च्या अंगभूत एचडी ४००० ग्राफिक्समध्ये व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या स्वरूपांतील व्हिडिओ उलगडण्याची सोय नाही, आणि यूट्यूब बहुतेक व्हिडिओ त्याच स्वरूपांत पाठवतो. परिणामी ते सगळे काम प्रोसेसरला करावे लागते आणि एक व्याख्यान पाहतानाही तो सतत भाराखाली राहतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचे एक्स्टेन्शन टाकले की व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतो, तो ग्राफिक्स चिप स्वतः उलगडते आणि पंखा शांत होतो. ऑनलाइन वर्गांमुळे तापणाऱ्या कितीतरी लॅपटॉपांचे दुखणे एवढेच असते.

दुसरी गोष्ट खोलीच्या तापमानाची. शीतयंत्रणा प्रोसेसरला हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवते. २५ अंशांच्या खोलीत ८० वर थांबणारा आकडा ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास जातो. चंद्रपूर-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये तक्रारी वाढतात त्या यामुळेच, त्यात यंत्राचा काही बिघाड नसतो. मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवल्याने तळातील हवेची वाट मोकळी होते, आणि गादीवर किंवा उशीवर ठेवल्याने ती बंद होते. उन्हाळ्यापुरता आणखी एक उपाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये आहे. प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो आणि वेग २.६ गिगाहर्ट्झवर थांबतो. लेखन, हिशेब, ब्राउझिंग यांत फरक जाणवत नाही, तापमान मात्र सहसा लक्षणीय उतरते. प्रोसेसरचा व्होल्टेज सॉफ्टवेअरने उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ती सोय चौथ्या पिढीपासूनची आहे. तिसऱ्या पिढीच्या या यंत्रात त्या खटपटीत वेळ घालवू नये.

बदल करायचाच असेल तर

टी४३० चा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असल्यामुळे तो बदलता येतो, आणि चार गाभ्यांचा प्रोसेसर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. उष्णतेची तक्रार सुटलेली नसताना हा बदल मुळीच करू नये. करायचा झाल्यास ३५ वॅटचा कोअर आय७-३६१२क्यूएम किंवा आय७-३६३२क्यूएम निवडावा, आणि विकत घेताना तो पिना असलेला, सॉकेटमध्ये बसणाराच आहे याची खात्री करावी, कारण हेच प्रोसेसर बोर्डावर झाळण्याच्या रूपातही निघाले होते. ४५ वॅटचा आय७-३६३०क्यूएम बसतो आणि चालतोही, पण मूळ हीटसिंकवर तो सतत मर्यादेला टेकतो आणि मग त्याचा वेग स्वतःहून उतरतो. जास्त पैसे देऊन तेवढाच वेग मिळवण्यासारखे ते आहे. कोणताही चार गाभ्यांचा प्रोसेसर बसवताना स्वतंत्र ग्राफिक्सच्या मॉडेलचा मोठा हीटसिंक सोबत घ्यावा, चार्जर ६५ वॅटचा असेल तर ९० वॅटचा घ्यावा, आणि आधी बायोस (यंत्र सुरू करणारे बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा.

उघडण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर उरलेला विद्युतभार निघून जातो. स्क्रूंच्या लांबीत फरक असतो. तळाचा लांब स्क्रू लहान स्क्रूच्या जागी पिळला तर तो बोर्डाला भिडतो, म्हणून कागदावर यंत्राची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवावा.

हे सर्व केल्यावर, तापमान ऐंशीच्या आत राहत असताना, नव्या बॅटरीवर आणि खात्रीच्या चार्जरवरही यंत्र अचानक बंद पडत असेल, तर दोष बोर्डावरील वीजपुरवठ्याच्या भागात आहे. तेथे मल्टिमीटर, बोर्डाची आकृती आणि हॉट एअर स्टेशन लागते. ते चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरील सुट्या चिपा बदलणाऱ्या, कारागिराचे काम आहे. त्याच्याकडे जाताना तापमानाच्या नोंदीची फाइल पेन ड्राइव्हवर सोबत न्यावी, आणि त्याने यंत्र हाती घेताच पेस्ट बदलण्याचा प्रस्ताव मांडला तर आधी ती फाइल त्याच्यापुढे ठेवावी.